चाळिसावं चिलखत

"हे सुटणार बघ माझं. भर घाटावर सुटणार, आन् समद्या महाराष्ट्राला दिसणार."

मी त्या बाईच्या पायाशी उकिडवी बसले होते. तोंडात चार टाचण्या आणि हातात तिच्या लुगड्याचा काष्टा. ती माझ्या डोक्यावरून शेजारणीशी बोलत होती, जसं काही मी म्हणजे तिथलं एखादं स्टूलच.

"आगं, गाठच मारंना ही बया. नुसतंच गुंडाळतीया."

"शिकली नसंल."

शिकले नव्हतेच. कोल्हापुरात माझ्या सासऱ्यांचं ड्रेपरीचं दुकान होतं. नाटकं, तमाशे, सिनेमे, सगळ्यांना आमच्याकडून कपडे जायचे. सासरे गेले, नवऱ्याला कॅरमशिवाय कशात गोडी नव्हती, म्हणून मी जुनी चित्रं आणि देवळातल्या मूर्ती बघून बघून नेसवायला शिकले. पण गाठ न मारण्याचं कारण ते नव्हतं. मी सुरगाठ मारते. टोक ओढलं की सगळं एका झटक्यात सुटतं. आमच्या लाईनीत त्यावरून माझी चेष्टा व्हायची. शत्रूनं नुसतं शेपूट ओढलं तरी पमाताईंचा सरदार उघडा पडेल, असं म्हणायचे. म्हणेनात का.

"सुटणार नाही हो इंदूबाई," टाचण्या काढून मी म्हणाले. "मी ओढल्याशिवाय नाही सुटत."

"आन् ओढशीला कशाला?"

ह्याचं उत्तर मी कुणाला दिलं नव्हतं.

ही गोष्ट सांगवटची. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सांगवट हे धरणाच्या फुगवट्याच्या काठचं गाव. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं, घाटाच्या निम्म्या पायऱ्याही गेल्या, पण उरलेल्या बावीस पायऱ्या कॅमेऱ्याला भरपूर होतात. त्या घाटानं तोवर पैठणचं काम केलं होतं, नर्मदेचं केलं होतं, एकदा पानिपताजवळच्या यमुनेचंही केलं होतं. ह्या खेपेला तो काशी होता. पेशवाईतली मालिका होती. विजेच्या खांबाला गोणपाट आणि प्लास्टर लावून त्याचा वड केला होता, डिश अँटेनावर कडबा टाकला होता, आणि ग्रामपंचायतीवर 'धर्मशाळा' अशी मोडीतली पाटी चढली होती. आत मात्र रहिवासाचे दाखले मिळत होते.

शाळेचा सातवीचा वर्ग मला कपड्यांसाठी दिला होता. फळ्यावर कुणाचा तरी लसावि अर्धा राहिलेला होता.

सीन साधा होता. नायिका बालविधवा, तिला काशीला आणून सोडतात, आणि घाटावर तिला तीस विधवा दिसतात. तीसच्या तीस लाल आलवणात. आलवण म्हणजे ते बिनकाठाचं विटकं तांबडं लुगडं, केस काढलेल्या बायकांचं. तीस आलवणं मी कातात बुडवून, दगडावर आपटून तयार करून आणली होती. कपडे होते, बायका नव्हत्या. गावातली एकही सवाष्ण ते अंगाला लावून घ्यायला तयार नव्हती.

केतकी नावाची असिस्टंट डायरेक्टर होती, चुणचुणीत पोरगी. तिनं दोन दिवस विनवण्या केल्या.

"अहो मावशी, सगळं खोटं आहे. गंगासुद्धा खोटी आहे."

"गंगा खोटी आसंल बाई," एकीनं सांगितलं. "माझा नवरा खरा हाय."

शेवटी गावातल्या खऱ्या विधवा तेवढ्या तयार झाल्या. इंदूबाई धरून एकोणीस. केतकी कपाळाला हात लावून व्हरांड्यात फोन करत होती, शेजारच्या गावातून आणखी दहाबारा विधवा मिळतील का म्हणून. फोनवर ती 'विधवा' हा शब्द इतक्यांदा म्हणाली, की शाळेचे शिपाई तिच्याकडे दयेनं बघायला लागले.

तेवढ्यात दारात एक बाई आली. पस्तिशीची असेल. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातभर हिरवा चुडा, गळ्यात मंगळसूत्र.

"एक लुगडं मला द्या," ती म्हणाली.



"शालन, तू नगं," इंदूबाई म्हणाली. मघाशी माझी टर उडवणारा तो आवाजच नव्हता.

"का नगं?"

"आगं, तुझा दादला म्हमईला हाय."

"सिनेमात हाय," दुसरी म्हणाली.

"म्हमईला सिनेमात हाय त्यो," तिसरीनं दोन्ही जोडून सांगितलं. तिघींनी ते एकाच चालीत म्हटलं, शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं.

शालननं त्यांच्याकडे बघितलं नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि हात पुढं केले, बांगड्या काढायला साबण द्या म्हणून.

मी तिचं आडनाव विचारलं. विचारायची गरज नव्हती. सांगवटचं काम आहे असं कळलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं, मग हो म्हटलं, मग रात्रभर पाण्याचा आवाज ऐकत पडले होते. कोल्हापुरात आमच्या घराच्या आसपास पाणी नाही.

"मल्लाव," ती म्हणाली. "भोयाच्या घरची. निवृत्ती मल्लावाची बायकू."

बांगड्या एकेक करून निघाल्या. एकही फुटली नाही. मग तिनं मंगळसूत्र काढलं. मी ताट पुढं केलं, पण तिनं ते ताटात ठेवलं नाही. माझी मूठ उघडून माझ्या हातात दिलं आणि मूठ मिटली.

"धरा," म्हणाली.

एक बाई हळूच उठून बाहेर गेली. ती कुणाला सांगायला चालली ते मला कळलं.

मंगळसूत्र कमरेला खोचून मी शालनला नेसवायला लागले. नेसवताना अंतर राहत नाही. तोंड पोटाशी, कान छातीशी. माणूस तेव्हा जे बोलतं ते बाहेर ऐकू जात नाही.

"तुम्ही मागं आलता का हितं?" तिनं विचारलं. "लढाईच्या शिनेमाला? आकरा वर्सं झाली."

"आले होते."

"मग तुमीच कापडं घातली आसतील त्यास्नी."

"शंभर माणसं असतात बाई. कुठं लक्षात राहतं?"

"उंच हुते. बोलतानी मान वाकडी करायचे."

मी पदर खोचत राहिले.

"शिनेमाची शीडी हाय आमच्याकडं," ती म्हणाली. "त्यात दिसत्यात. नावंवर हुबं. पाठमोरे. लेक म्हणती, आई, ह्यो कुनीबी आसंल. पर मी वळखते. च्यार आकडं म्हणूस्तवर दिसत्यात, मग दुसरंच चालू हुतं. मी मागं घेऊन परत बघते. पाठच दिसती पर. एकदाबी वळत न्हाईत."

"शालन, हात वर कर."

तिनं हात वर केले. "त्या दिवशी सकाळी माझं आन् त्यांचं भांडान झाल्तं. कालवणावरनं. मी म्हनले, जा, परत त्वांड दावू नका. म्हंजी काय खरंच म्हनले का? बाई काय बी म्हनती. आन् त्ये गेलेच. दिनूअण्णा म्हनले, रुसून म्हमईला गेला, शिनेमावाल्यांच्या संगट. एस्टी ष्टँडावर तिघांनी बघितला. आकरा वर्सं झाली, गावात कुनाच्या घरात भांडान झालं की म्हनत्यात, त्वांड आवर, न्हाईतर शालनसारखं हुईल."

मी खाली वाकले, निऱ्या सारख्या करायला. त्या सारख्याच होत्या.

"सासू रोज सकाळी कुकू लावती मला. डोळं गेल्यात, पर जागा चुकत न्हाई. मी म्हनते, आत्या, पत्तर न्हाई, फोन न्हाई, कसलं कुकू? ती म्हनती, कुनी न्हाई म्हनलंय का? न्हाई म्हनूस्तवर लावायचं. ताई, एवढंच सांगा. त्या दिशी कापडं घालतानी काय बोललं का त्ये? माझ्यावर लई राग हुता का?"

"आठवत नाही," मी म्हणाले.

एवढ्या जवळून मी कधी कुणाशी खोटं बोलले नव्हते.

व्हरांड्यात खाकरल्याचा आवाज आला. दिनूअण्णा बाबर. त्या लढाईच्या सिनेमाच्या वेळी सरपंच होते, आता माजी, पण सांगवटला शूटिंग आणायचं तर अजूनही त्यांच्याच परवानगीनं. पांढरे कपडे, हातात फोन, आणि माझ्याकडे बघताना अकरा वर्षांत न बदललेली ती नजर. पाहुणीचं स्वागतही आणि पाहुणी कधी जाणार ह्याची चौकशीही.

"पमाताई, जरा भाईर या."

मी गेले. मंगळसूत्र पुन्हा मुठीत धरलं होतं.

"त्या पोरीला नका घेऊ."

"डायरेक्टरांना तीस हव्यात अण्णा. वीसच झाल्यात."

"पंचवीस आणून देतो शेजारनं. ही नगं. सवाष्ण हाय ती."

मैदानात कुणीतरी काशीच्या बैलांना रंगीत शिंगं बसवत होतं.

"वर्षाला च्यार शूटिंगं येत्यात आमच्याकडं," दिनूअण्णा हळू आवाजात म्हणाले. "धरणात जमिनी गेल्या. पोरास्नी दुसरं काय हाय? एखादं गाव नावाजलं की त्याचं बरंवाईट बघावं लागतं. आन् तुमचं काय वाईट चाललंय का? तुमीबी नावाजलाच की." त्यांनी माझ्या मुठीकडे बघितलं. "जुन्या पाण्यात हात घालू नये, ताई. गाळ वर येतो, दुसरं कायबी येत न्हाई."

"मी कुठं घातलाय?"

"त्येच म्हनतो. घालू नका."

मी वर्गात परत आले. शालन आलवणात उभी होती, कुंकू पुसून. पुसलेल्या जागी कातडी पांढरी पडली होती, गोल. मेकअपच्या पोरीनं त्यावर रंग लावायला ब्रश उचलला तर शालननं तिचा हात बाजूला केला.

तिला लुगडं फेडायला सांगणं माझ्या हातात होतं. गाठ माझीच होती, ओढली असती तर सुटली असती. मी तिचा पदर डोक्यावरून नीट केला आणि म्हणाले, "चल."

घाटावर सकाळचं ऊन छान पडलं होतं. कॅमेरा पाण्यात लाकडी फलाटावर उभा केलेला. पुजारी, बैरागी, बैल, एक भाड्यानं आणलेली शेळी. सगळ्यात वरच्या पायरीवर, त्या प्लास्टरच्या वडाच्या आडोशाला, एक म्हातारी गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. "शालनची सासू," इंदूबाई मला म्हणाली. "भागूबाई. शूटिंग आसलं की येऊन बसती. दिसत तर कायबी न्हाई."

केतकीनं बायकांना समजावलं. ॲक्शन म्हटलं की पायऱ्या उतरायच्या, कमरेएवढ्या पाण्यात जायचं, एक बुडी, आणि वर यायचं. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, हसायचं नाही. हसायचं नाही म्हटल्यावर दोघी हसल्या.

मी बाजूच्या दीपमाळेजवळ उभी राहिले. अकरा वर्षांपूर्वी उभी होते तीच जागा. माझ्या पायांनीच ती निवडली असावी.

"ॲक्शन."

वीस विधवा पायऱ्या उतरायला लागल्या. तांबडा रंग पाण्याला टेकला, आणि मला ती सगळी चंदेरी दिसली.

लढाईच्या त्या सिनेमात हा घाट नर्मदा होता. मराठी फौज नदी ओलांडते, असा सीन. चार नावा, चाळीस शिपाई. पाण्यातलं काम म्हणून सगळे गावातलेच घेतले होते, पोहणारे. अंगात चिलखतं. सिनेमातलं चिलखत लोखंडाचं नसतं. सुतळी जाळीसारखी विणायची, वर चंदेरी रंग मारायचा, पडद्यावर अस्सल दिसतं. हलकं, फुलासारखं. चाळीसही मी हातानं विणली होती, आणि मला त्यांचा फार अभिमान होता. दोन दिवसांच्या ओढाताणीत पाठीमागचे बंद तुटले. मग मी दाभण घेतलं आणि एकेकाला उभं करून पाठीवर शिवून टाकलं. सुतळीला सुतळी. दोन टेकमध्ये कपडा हलता कामा नये, हे आमचं पहिलं व्रत असतं. हलला की पडद्यावर दिसतं आणि बोलणी ड्रेपरीवालीला बसतात.

सतरा नंबरचा माणूस उंच होता. मान वाकडी करून म्हणाला, "घट शिवा ताई. मघाशी निसटलं तर सायब वरडला." मी घट्ट शिवलं. "आन् लौकर सोडा आज. कारभारीण रुसलीया. बाजारातनं जिलबी न्यायचीय, म्हंजी बोलंल."

हलकी होती ती चिलखतं, कोरडी होती तोवर. सुतळी किती पाणी पिते, हे मला माहीत नव्हतं. विणणारीला माहीत असायला हवं होतं.

तिसऱ्या टेकला मधली नाव उलटली. कुणी किंचाळलं वगैरे नाही. भोयाची माणसं, पाण्यात जन्मलेली. एकेक करून बाहेर आली, हसत, एकमेकांना ढकलत. एकानं कॅमेऱ्यासमोर मुजरासुद्धा केला. ऊन उतरत होतं, अजून एक शॉट घ्यायचा होता. डायरेक्टरनं भोंग्यातून विचारलं, "पमाताई, तुमचे सगळे आले का?"

मी घाटाकडे बघितलं. चंदेरी, ठिबकणारी, एकसारखी माणसं. मी मोजली नाहीत.

"आले," मी म्हणाले.

संध्याकाळी पाठी उसवून चिलखतं उतरवली तेव्हा एकोणचाळीस भरली. गाठोड्यांमध्ये एक गाठोडं उरलं होतं, सतरा नंबरची चिठ्ठी लावलेलं. पांढरा सदरा, पट्ट्यापट्ट्यांची विजार, तंबाखूची पिशवी, वहाणा. मी प्रॉडक्शनच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, पळाला असेल चिलखत घेऊन, पोरांना दाखवायला. सकाळी दिनूअण्णा आले, गाठोडं बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ते काखेत मारून निघून गेले. दुपारपर्यंत तिघांनी निवृत्तीला एस्टी स्टँडवर पाहिलेलं होतं.

चिलखत घालून, अनवाणी, कुणी मुंबईला जात नाही. हे त्या तिघांना कळत होतं, दिनूअण्णांना कळत होतं, मला कळत होतं. पाण्यात कुणी उतरलं नाही. उतरलं असतं तर त्याला शोधणं म्हणावं लागलं असतं. खाली जुनं सांगवट आहे, भिंती आहेत, बाभळी आहेत. त्यात जे अडकतं ते वर येत नाही. संध्याकाळी आमच्या गाड्या सुटल्या. त्यानंतर मी दाभण हातात धरलं नाही.

"कट. व्हेरी गुड. ओके आहे."

बायका बाहेर यायला लागल्या, कुडकुडत, पदर पिळत. वरच्या पायरीवरून म्हातारीचा आवाज आला. बारीक, पण लांबवर जाणारा.

"निघाली का गं समदी भाईर?"

इंदूबाई माझ्या शेजारी पदर पिळत होती. "दर शूटिंगला इचारती," ती म्हणाली. "व्हय म्हनायचं, म्हंजी गप बसती." आणि मान वर करून ओरडली, "निघाली, म्हातारे."

निघाली नव्हती. शालन अजून पाण्यात होती, कमरेएवढ्या. पाठमोरी, पैलतीराकडे तोंड करून.

"शालन, ये वर," दिनूअण्णा पायरीवर येऊन म्हणाले. "गारठा लागंल."

"येते. पर ह्ये लुगडं मी बदलायची न्हाई."

"खुळी का काय? शूटिंगचं लुगडं त्ये. आन् नवरा जिता आसताना..."

"कुठं हाय?"

ती वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता. भाजीचा भाव विचारावा तसं तिनं विचारलं.

"कुठं हाय त्यो, अण्णा? पत्ता सांगा. आत्ता कुकू लावते, चुडा भरते, पयल्या गाडीनं जाते. पाया पडून आणते माघारी. न्हाईतर न्हाई म्हना. एकदा म्हना. म्हंजी मी रडंन, त्येच्या नावानं पान वाढंन, लेकीला सांगंन तुझा बाप कोन हुता. आकरा वर्सं मी त्येची वाट बघतीया आन् त्येला घालवल्याचं पापबी मीच वागवतीया. दोन्ही कसं झेपंल एका बाईला?"

घाटावर पन्नास-साठ माणसं होती. भोई होते, ज्यांच्या नावा तेव्हा त्या नावेशेजारी होत्या. त्या तिघांपैकी दोघे होते. एक जण शेळीचं दावं उगाच सोडून पुन्हा बांधत होता.

"येईल त्यो," दिनूअण्णा म्हणाले. पण ते पाण्याकडे न बघता म्हणाले.

केतकी माझ्या कानाशी लागली. "पमाताई, काय चाललंय हे? पुढचा शॉट लावायचाय. तुम्ही जाऊन तिला आणा ना प्लीज. तुमचं ऐकेल ती."

"समदी निघाली का?" भागूबाईनं पुन्हा विचारलं. म्हातारी हातानं पायरी चाचपत उठायला लागली. "आगं, कुनीतरी बोला. समदी निघाली का?"

मी चपला काढल्या आणि पायऱ्या उतरले. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. साडी जड होत गेली. दिनूअण्णांनी मागून हाक मारली, "पमाताई," एकदाच. त्या हाकेत धमकी नव्हती. विनवणीच होती. मला त्यांचीही दया आली, आणि तरी मी थांबले नाही.

शालनपाशी पोचले तेव्हा माझे दात वाजत होते. मी तिचा हात धरला आणि मंगळसूत्र तिच्या तळव्यावर ठेवलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मान जराशी वाकडी करून. नवऱ्याची लकब तिच्यात उतरली होती.

"तो रागावला नव्हता तुझ्यावर," मी म्हणाले. "घरी लवकर जायचंय म्हणाला, जिलबी न्यायचीय म्हणाला. मीच त्याचं चिलखत पाठीवर शिवलं होतं. सुतळीचं होतं. भिजलं, आणि त्याला ते काढता आलं नाही."

तिची बोटं माझ्या मनगटावर आवळली गेली. मला वाटलं ती ढकलेल. तिनं ढकललं नाही.

मी मान वळवली आणि वर बघून म्हणाले, भागूबाईला ऐकू जाईल अशा, घाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "सगळी निघाली नाहीत, आत्या. निवृत्ती मुंबईला गेला नाही. तो इथंच बुडाला, आणि आम्हा सगळ्यांना त्याच दिवशी माहीत होतं."